काळथरातली ओल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळथर हे आमच्या खेळाचं आणि त्यातून निघालेल्या गोष्टींचं जग. नकाशावर ते नाही. पण औशाहून लातूरला येताना एप्रिल-मेमध्ये रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी भेगाळलेली काळी रानं दिसतात, ती पाहतच मी ते रचलं. दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवर सतरंजी टाकून आम्ही सहा जणांनी सुरुवात केली. एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे आपापलं पात्र चालवणार, अडलं की फासे. आता माणसं वाढलीत आणि दर नव्या गड्याला पहिला तासभर जादूचे नियम सांगण्यातच जातो. म्हणून हे एकदाचं लिहून ठेवलं.

ओल म्हणजे नक्की काय?

काळथरात जादूला कुणी जादू म्हणत नाही, ओल म्हणतात. ती पावसाबरोबर उतरते, काळ्या मातीत मुरते, हिवाळाभर तिथं टिकते आणि उन्हाळ्यात भेगांतून उडून जाते. ती उडून जायच्या आत वळवून घ्यायची आणि कामाला लावायची, एवढंच ओलकरी करतो. त्याच्या अंगात काही नसतं. असतं ते जमिनीत.

मला हे शाळूवरून सुचलं. आपल्याकडे रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. त्यानंतर पाऊस जवळपास नसतो. विहिरीचं पाणी कुणी देत नाही, बहुतेकांकडे ते नसतंच. तरी फेब्रुवारीत रानात डोक्याएवढा कडबा आणि हातभर कणीस उभं असतं. लहानपणी मला हा चमत्कारच वाटायचा. कारण साधं आहे. बेसाल्टचा खडक झिजून झालेली ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि ते धरून ठेवते. सुकताना आकसते आणि फाटते. पावसाळ्यात साठवलेल्या त्या ओलीवर अख्खं पीक निघतं. जमिनीच्या पोटात न दिसणारं काहीतरी आहे आणि त्याच्यावर वर माणसं जगतात, यापेक्षा चांगली जादू मला कुठे मिळणार होती?

म्हणजे ही पाण्याची जादू का?

नाही. ओल म्हणजे पाणी नव्हे. तुडुंब भरलेल्या तळ्याला ओल नसू शकते आणि कोरड्या ठक्क बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, तळाशी ती गच्च असू शकते. पाणी दिसतं, ओल दिसत नाही. मूठभर माती दाबून बघायची, लाडू झाला तर आहे.

भर पावसाळ्यात जादू का चालत नाही? उलट तेव्हा जास्त चालायला पाहिजे ना?

हा प्रश्न विचारणारा हमखास शहरातला असतो. राग मानू नका.

शेतकऱ्याला विचारा, पाऊस पडल्या पडल्या पेरता येतं का. चिखलात तिफण घातली की ती तिथंच रुतली. पाऊस उघडावा लागतो, वरचं पाणी निचरावं लागतं, माती पायाला चिकटेनाशी व्हावी लागते. त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. ‘वाफसा आला’ म्हटलं की गाव हलतं. दोन दिवस उशीर केला तर वरचा थर वाळतो आणि संधी गेली.

काळथरात मंतर फक्त वाफशावर लागतो. आषाढ-श्रावणात ओल भरपूर असते, पण ती चिखलासारखी असते. हात घातला की हातच आत जातो. चिबाड, म्हणजे पाणी साचलेल्या, जमिनीवर मंतर टाकणारे ओलकरी आमच्या खेळात सगळ्यात जास्त मेलेत. पात्र रागात असतं, पाऊस कोसळत असतो, आणि खेळाडूला वाटतं आता तर ओलच ओल आहे. फासे टाकतो आणि गळ्यापर्यंत रुततो.

त्यामुळे काळथरात लढाया भाद्रपदाच्या शेवटाला सुरू होतात आणि माघात आटोपतात. वैशाखात कुणी कुणाशी लढत नाही, परवडत नाही.

एका कामाला किती ओल लागते? मोजतात कशी?

मापं मी जुन्या हिशेबावर बेतली. आपल्याकडे चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी होती. तसंच काळथरात ४० ओंजळींची एक घागर आणि २० घागरींची एक मोट.

ओंजळभर ओलीत तुटलेला दोरा सांधतो, पोराचं रडं थांबतं, हरवलेली किल्ली सापडते. चार-पाच ओंजळींत ताप उतरतो. मोडलेल्या हाडाला घागर लागते, आणि तेही हाड जागेवर बसवलेलं असेल तरच. ओल हाड जोडते, बसवत नाही, त्यासाठी हाडवैद्यच लागतो. पडती वीज अडवायला मोट लागते. एका मध्यम गावाच्या शिवारात चांगल्या वर्षी दोन-अडीच मोटा ओल असते, म्हणजे हिशेब करा.

ओल वापरली की ती जाते कुठे? आणि येते कुठून?

इथं थांबून नीट वाचा. सगळा खेळ या एका नियमावर उभा आहे.

ओल तयार होत नाही, सरकते. एका जागी मंतर लागला की दुसऱ्या जागी कोरड पडते. जेवढी घेतली तेवढीच. कोरड कुठे पडावी हे ओलकऱ्यानं आधी मोठ्यानं सांगायचं असतं. ‘माझ्या रानातली घे’, ‘माझ्या गळ्यातली घे’, ‘आमच्या आंब्याची घे’. याला ‘बांध बोलणं’ म्हणतात. बांध न बोलता मंतर टाकला तर ओल जवळात जवळ जिथं असेल तिथून जाते, आणि जवळ काय आहे हे तिला कळत नाही.

आमच्या तिसऱ्या की चौथ्या बैठकीतली गोष्ट. एका खेळाडूच्या ओलकरणीनं तापानं फणफणलेलं पोर बरं केलं. घाईत होती, बांध बोलायला विसरली. ताप उतरला, घरात गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हातारीची एकुलती दुभती शेळी आटली. म्हातारीचं जगणं त्या दुधावर होतं. पुढचे तीन रविवार आम्ही राजा-राक्षस सगळं सोडून त्या शेळीच्या मागं होतो. माझ्या मते तो आमचा सगळ्यात चांगला खेळ झाला.

शेजाऱ्याच्या वाट्याची ओल बोटबोट करून चोरण्याला काळथरात ‘ओल कोरणं’ म्हणतात. ज्यांच्या गावाकडे बांध कोरण्यावरून भावाभावांत तीस-तीस वर्षं कोर्टकचेरी चाललीय, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

सगळ्या पावसाची ओल सारखीच असते का?

नाही. नक्षत्रागणिक वेगळी. मृगाची ओल उतावळी, काम पटकन करते आणि टिकत नाही. आर्द्रा-पुनर्वसूची रोजच्या वापराची. मघेची ओल साठवणीची, रांजणात भरून ठेवतात. हस्ताची, म्हणजे आपण ज्याला हत्तीचा पाऊस म्हणतो त्याची, जड आणि रागीट. मोडतोड, पाडापाडी, तटबंदी यांना तीच लागते. स्वातीची क्वचित मिळते. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ ही म्हण काळथरात शब्दशः खरी आहे, आणि म्हणून स्वातीच्या पंधरवड्यात सगळे व्यापारी दारं लावून बसतात.

पंचांगातल्या पावसाच्या वाहनांचं काय, असंही विचारतात. बेडूक, म्हैस, गाढव वगैरे. ते खेळात आहे. नक्षत्र लागलं की फासा टाकून वाहन ठरवायचं. उंदीर आला तर कुणीतरी हमखास उसासा टाकतं.

ओलकऱ्याला समाजात मान असतो का?

आपल्याकडे वायरमनला असतो तेवढा. रात्री दोनला डीपी जळाली की त्याला गाडीवर बसवून आणतात, बॅटरी धरून उभे राहतात, ‘साहेब’ म्हणतात. लाईट आली की चहा. सकाळी तो समोरून गेला तर कुणी मान वर करून बघत नाही.

काळथरात बारा बलुतेदार आहेत आणि ओलकरी तेरावा. खळ्यावर त्याला वाटा मिळतो, पण शेवटून. लग्नात त्याला बोलावतात, पंगतीत मात्र कुठे बसवायचं यावर कुजबुज होते. त्याच्याबद्दल भीती कमी आणि संशय जास्त. गावात कुणाची विहीर आटली की पहिली नजर त्याच्या दाराकडे जाते. खरं तर ती नजर पाटलाच्या मळ्याकडे जायला हवी, पण पाटलाकडे बघायची सवय गावाला नसते.

ओलकरी कुणालाही होता येतं का?

ओलीच्या बाजूनं, होय. ती जात विचारत नाही, बाई-बाप्या बघत नाही. माणसांच्या बाजूनं, नाही.

ओलकरी व्हायचं तर बारवेच्या तळापर्यंत उतरावं लागतं. बारव म्हटल्यावर कुणाला कितव्या पायरीपर्यंत उतरू देतात हा प्रश्न आलाच. काही खेळाडूंनी सुचवलं की कल्पनेतलं जग आहे तर हे कशाला, सरळ सगळे समान दाखव. मी नाही दाखवलं. पाणी आहे आणि पाण्यावरून माणसं वेगळी केलेली नाहीत, असा गाव मला रचता येईना. काळथरात पायऱ्यांवर रेघा आहेत. त्या रेघा पुसायला निघालेली टोळी हे खेळातल्या सर्वांत आवडत्या पात्रांचं घर आहे. तिच्यात सामील व्हायला फासे टाकावे लागत नाहीत.

शिकवणीची बारव मी परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेवरून घेतली. तिच्या पायऱ्या सर्पिलासारख्या फिरत खाली जातात. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी सेलूकडे गेलात तर वाट वाकडी करून पाहाच.

शिष्याची परीक्षा कशी घेतात?

मडक्यावर थापटी मारून. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संतमेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटी मारून कुठलं मडकं भाजलं आणि कुठलं कच्चं ते त्यांनी सांगितलं आणि नामदेव कच्चे निघाले. काळथरात शिष्याला स्वतः घडवलेल्या मडक्यात ओंजळभर ओल एक रात्र धरून ठेवावी लागते. सकाळी गुरू थापटी मारतो. बद्द आवाज आला तर आणखी एक वर्ष पाणी भरायचं.

पायाळू माणसाला ओल दिसते का?

दिसत नाही. पण लोकांना वाटतं की दिसते, आणि त्याचा त्याला भयंकर त्रास होतो.

पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीखालचं पाणी आणि गुप्तधन दिसतं, त्याच्यावर वीज पडते, त्यानं लाथ घातली की उसण जाते, असं आपल्याकडे मानतात. माझा एक मावसभाऊ पायाळू. लग्नसमारंभात म्हातारी माणसं त्याच्यापुढे पाठ करून वाकायची आणि तो बिचारा लाजून लाल होत हळूच पाय लावायचा. काळथरातला पायाळू हा असाच, गावानं देणगी गळ्यात बांधलेला, प्रत्यक्षात काहीच नसलेला माणूस. काही खेळाडू ही थाप पचवून पोट भरतात. एकीचं पात्र मात्र खरं सांगत सुटलं आणि गावानं तिला हाकललं.

पाणाड्यांचं विचाराल तर, आमच्या शेतात बोअर घेताना एकानं तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली होती. सहाशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. नारळ फोडून खाल्ला, चांगला होता.

मंतर कुठल्या भाषेत म्हणतात? संस्कृतात का?

संस्कृत अजिबात चालत नाही. प्रमाण मराठीही नाही.

ओल फक्त चालू काळात ऐकते. ‘पाऊस येत आहे’ म्हटलं की ती ढिम्म. ‘पाऊस येऊलालाय’ म्हटलं की हलते. आमच्या लातूर-धाराशिवकडच्या बोलीत हे करूलालो, जाऊलालो, खाऊलाली जे आहे त्याला पुण्यात शिकताना मला फार हसले होते. म्हणून काळथरात मंतराचं व्याकरणच मी त्याच्यावर बेतलं. जे घडावंसं वाटतं ते घडूलालंय असं सांगायचं, त्यात शंका ठेवायची नाही.

दखनीही चालते. ‘पानी आरा’ म्हणणारा उदगीरचा खेळाडू आमच्यात सगळ्यात कमी वेळा हरतो. बिलोली-देगलूरकडची दोन पोरं तेलुगूत म्हणतात, तेही मान्य. छापील भाषेत बोलणाऱ्याला मात्र फाशावर दोन वजा.

ओलीवर सरकारचं नियंत्रण आहे का?

आहे, आणि तो खेळातला सगळ्यात भीतिदायक भाग आहे.

दरवर्षी दसऱ्यानंतर गिरदावर, म्हणजे महसुलाचा तपासनीस, येतो. (हा शब्द निजामाच्या महसुलातला. आमच्या आजोबांच्या तोंडात होता.) तो शिवारात चार जागी माती दाबून बघतो आणि गावाची ‘ओलवारी’ ठरवतो. आपल्या आणेवारीसारखीच, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजासारखी. आपल्याकडे पिकाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली की दुष्काळ धरायची रीत होती. काळथरातही तसंच, ५० च्या खाली गेलं तर सारा माफ आणि राजाच्या रांजणातली ओल गावाला. म्हणून गिरदावर नेहमी ५१ लिहितो. पाय ठेवला की टाच आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि कागदावर ५१.

गिरदावराला लाच देता येते, धमकावता येतं, त्याच्या पोरीच्या लग्नात राबता येतं. त्याच्यावर मंतर टाकता येत नाही, कारण त्याच्या अंगात ओल नसतेच.

दुष्काळात बारवेजवळ पाचपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही, हा काळथराचा कायदा अतिशयोक्ती वाटतो असं एकानं कळवलं. मार्च २०१६ मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी, १४४ कलम लागलं होतं. पुढच्या महिन्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. लोक स्टेशनात गाडी बघायला गेले होते. खेळातली ‘ओलगाडी’ तीच.

उचल म्हणजे काय? माझं पात्र सुरुवातीलाच कर्जात का असतं?

कारण बहुतेक ओलकरी असेच असतात. आपल्या गावात ओल उरली नाही की ते दसरा-दिवाळीच्या सुमाराला खालच्या मुलखात जातात, श्रीमंतांच्या मळ्यांत मंतर टाकायला. नेणारा मुकादम आधीच पैसे देतो, ती उचल. हंगामभर राबून ती फिटते, कधी फिटत नाही आणि पुढच्या वर्षाच्या उचलीत जमा होते.

बीडकडच्या वाचकांना हे कुठून आलं ते सांगायला नको. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजतात. दोन माणसं आणि नाव एका हत्याराचं. काळथरात दोन ओलकऱ्यांच्या जोडीला ‘एक रांजण’ म्हणतात. एकटं पात्र घेऊन आलात तर मुकादम उभं करत नाही, म्हणून शक्यतो जोडीनं पात्रं बनवा.

आणि तो ऊस? ‘बारमाही मंतर’ म्हणजे काय?

काही मंतर हंगामी असतात, ज्वारीसारखे, आहे त्या ओलीत निघणारे. काहींना उसासारखी वर्षभर ओल पाजावी लागते. वाड्याभोवतीचं कधी न कोमेजणारं बागेचं वर्तुळ, सरदाराचं न पिकणारं केस-दाढीचं काळेपण, असले. त्यांना बारमाही म्हणतात. एका सरदाराच्या काळ्या केसांसाठी सात गावांतल्या बाळंतिणींची ओल जाते. यावर मी जास्त लिहीत नाही, आमच्या घरीही दोन एकर ऊस आहे.

खोल ओल वापरावी का?

वापरता येते. वापरली की पस्तावाल.

वरची ओल दरसाल पावसानं भरते. तिच्याखाली मुरूम, त्याखाली खडक, आणि खडकाच्या फटींत फार जुनी ओल आहे. कुणाच्या पणज्याच्याही आधीच्या पावसाची. ती काढायला विंधणारे लागतात. ताकद जबरदस्त, वाफशाची अट नाही, बांध बोलायची गरज नाही, कारण तिच्यावर कुणाचा हक्क लिहिलेला नाही. म्हणूनच सगळे तिच्यामागे लागतात. एकदा काढली की ती पुन्हा भरत नाही, निदान काढणाऱ्याच्या हयातीत नाही.

माझी आजी म्हणायची, बहात्तरच्या दुष्काळात खायला नव्हतं, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या, खडी फोडली. पण विहिरीला पाणी होतं. आता खायला आहे आणि हजार फुटांवर धूळ आहे. मधल्या वर्षांत आपण काय उपसलं, ते खेळाच्या नियमांत बसवायला मला फार वेळ लागला नाही. प्रत्येक खोल मंतरानंतर नकाशावरची एक विहीर कायमची खोडायची. आमचा पहिला नकाशा आता जवळपास सगळा खोडलेला आहे आणि तो भिंतीवर लावलाय.

करणी, मूठ, भानामती आहे का? ती का नाही घेतली?

सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न. काळथरात दुरून कुणाला इजा करता येत नाही. ओल मातीतून सरकते, हवेतून नाही. लिंबू, टाचण्या, केस, उतारा यांनी काहीही होत नाही. हा नियम पक्का आहे आणि कुठल्याही गोष्ट सांगणाऱ्यानं तो मोडायचा नाही.

पण काळथरातल्या लोकांना हे पटलेलं नाही. चेटूक नसलेल्या त्या जगात चेटकीण म्हणून बदनाम झालेल्या बाया आहेत. एकटी राहणारी, नवरा गेलेली, जमिनीचा वाटा मागणारी, किंवा नुसती तोंडानं फटकळ. गावात दोन ढोरं दगावली की तिच्या घरावर दगड पडतात. ते दगड कोण मारतं हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

भानामती हा शब्द आमच्या भागात लहानपणी सर्रास ऐकू यायचा. कपडे आपोआप पेटतात, ताटात घाण पडते, बाया घुमतात, भुंकतात. आणि मग देवऋषी येऊन कुणाचं तरी नाव घेतो. नाव घेतलं गेलं की त्या बाईचं पुढे काय होतं, हे मी गल्लीत पाहिलं आहे. त्यामुळे भानामती खरी आहे असं दाखवणारा खेळ मला रचायचाच नव्हता. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. गोष्ट लिहिण्याला कायद्याची आडकाठी नाही, असं एका वकील मित्रानं समजावलं. पण माझी अडचण कायद्याची नव्हतीच.

खेळात कुणावर चेटकाचा आळ आला तर ते प्रकरण सोडवण्यासाठी मंतर वापरता येत नाही. जमिनीचे कागद बघायचे, भावकीला बोलतं करायचं, ढोरांना काय खायला घातलं ते शोधायचं.

मेलेलं माणूस परत आणता येतं का?

नाही.

काही जण याच्यावर वाद घालतात, एवढ्या मोटा लागतील असं ठरव आणि अशक्यप्राय ठेव म्हणतात. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बुडवून माणसं झोपलेली, पहाटे चारच्या आसपास दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्या पंगतीत बसणाऱ्यांपैकी दोघांच्या घरात त्या तारखेला दिवा लावतात. त्यांच्यासमोर बसून मी अमुक मोटा म्हणून आकडा सांगू शकत नाही.

देव आहेत का? संतांचे चमत्कार ओलीत मोडतात का?

देवळं आहेत, प्रत्येक देवळाला बारव आहे, पुजारी आहेत आणि त्यांची भांडणंही आहेत. देव ओलीबद्दल काही बोलत नाहीत.

पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद बोलवले, औंढ्याला नामदेवांसाठी देऊळ फिरलं, या गोष्टी मी खेळात घेतल्या नाहीत आणि घेणारही नाही. त्यांना किती ओंजळी लागल्या असतील असं गमतीत विचारणाऱ्याला एवढंच सांगतो, की त्या दोन्ही गोष्टींत हाकललेला माणूस आत येतो. त्या कशा घडल्या यापेक्षा हे महत्त्वाचं. काळथरातल्या पायऱ्यांवरच्या रेघा मला तिथूनच दिसल्या.

आगीचा गोळा फेकता येतो का?

ओलीनं? आग?

ओल लांब नेता येते का?

येते, मातीच्या नळांतून. संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर कळेल. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कित्येक किलोमीटर जमिनीखालच्या नळांतून आणून, उंचावरून पाडून, त्याच्यावर दळणाचं जातं फिरवलं. काळथरातली ‘नहर’ तशीच. वाटेत प्रत्येक गाव थोडी थोडी टिपून घेतं आणि शेवटच्या गावाला वास तेवढा पोचतो. पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्यांचं रान आहे त्यांनी अलीकडे ‘टेलचं गाव’ नावाची एक छोटी गोष्ट या जगात लिहिली आणि माझ्यापेक्षा चांगली लिहिली.

ओल वाढवायचा काहीच उपाय नाही का?

वाढत नाही, पण वाचवता येते. भेगा बुजवायच्या. शेतात कोळपणी करून वरचा थर मोकळा ठेवला की खालची ओल उडत नाही, म्हणून एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी म्हणतात. काळथरात कोळपणी हे ओलकऱ्याचं सगळ्यात खालच्या दर्जाचं, कंटाळवाणं काम समजतात. कुठल्याच खेळाडूला ते करायचं नसतं. जो करतो त्याला हंगामाच्या शेवटी गुपचूप जादा घागर मिळते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नव्यानं खेळायचंय. कधी यावं, काय आणावं?

मोठा खेळ वर्षातून एकदा, वेळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची अर्धी गावं रानात असतात. कडब्याची कोप करायची, पाच पांडव मांडून पुजायचे, ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ करत रानाला फेरी मारायची. मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. जेवून सगळे आडवे होतात तेव्हा आम्ही कोपीच्या सावलीत फासे काढतो. आंबील प्यायल्यावर पहिला तास कुणाला नीट खेळता येत नाही, हे धरून चाला.

पात्राचं नाव, त्याचं गाव आणि त्याच्या विहिरीची खोली परसांत (एक परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढी खोली), एवढं ठरवून या. विहीर नसेल तर तसं सांगा, त्याला वेगळे नियम आहेत. एरवीच्या रविवारी घरी खेळतो. येताना पाण्याची बाटली भरून आणा, आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो.